समोरचा डावा कोपरा

९ सप्टेंबर

त्याला पोहता येत नव्हतं म्हणे.

नगरपालिकेच्या फलकावर चौकशीचा अहवाल लावलाय, त्यात तसं छापलंय: 'मयत इसमास पोहता येत नसावे.' तिथंच उभी राहून मी तो कागद तीनदा वाचला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या भागाचा पोस्टमन तो. आठव्या वर्षी माझ्या हाताखाली पाण्यात उतरला. बाराव्या वर्षी न थांबता वीस फेऱ्या मारायचा आणि वर विचारायचा, "बाई, अजून दोन मारू?" इथल्या निम्म्या माणसांना मी पोहायला शिकवलंय. त्यात पहिल्या पाचात त्याचा नंबर लागेल.

घडलं ते असं. नव्या वसाहतीच्या मागे पावसाचं पाणी साठवायला चौकोनी तळं खणलंय. छपरांवरचं, रस्त्यांवरचं पाणी मोठ्या नळातून तिथं येतं, म्हणजे खालच्या घरांत घुसत नाही. काठ तीव्र उताराचे आणि त्यांवर काळं प्लास्टिक अंथरलेलं. भोवती छातीइतकं तारेचं कुंपण, दाराला कुलूप, वर 'धोका' अशी पाटी. गेल्या मंगळवारी कुणाचं तरी छोटं कुत्रं तारेखालून आत शिरलं आणि घसरून पाण्यात पडलं. ह्यानं पत्रांची पिशवी कुंपणाला अडकवली, तार ओलांडली आणि पाण्यात उतरला. कुत्रं बाहेर आलं. तो नाही आला. दारातून पाहिलं तर समोरच्या डाव्या कोपऱ्यात सापडला.

घरी येऊन मी इतकी बडबडले की वन्संनी कपाटातून ही कोरी वही काढून समोर टाकली. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. दोन खोल्यांत आम्ही दोघी नणंद-भावजय राहतो आणि कुणाचं जास्त चालतं यावर रोज भांडतो. कोर्टात टंकलेखक होत्या. लोकांच्या जबान्या टाइप करण्यात जन्म गेला.

"वहिनी, निवृत्तीला सहा महिने राहिलेत. तोंडानं बोलशील तर नोकरी घालवशील. हितं लिही."

लिहिलं. राग तसूभर कमी झालेला नाही.

१० सप्टेंबर

तलावावरचं जुनं रजिस्टर काढलं. (तलाव म्हणजे माझा, पोहण्याचा, फरशीचा. ते दुसरं तळं. वन्सं सारख्या घोटाळा करतात म्हणून लिहून ठेवते.) प्रत्येक मुलाचं नाव आणि पुढे माझा शेरा. तेवीस वर्षांपूर्वीच्या पानावर तो सापडला: 'पाण्याला भीत नाही. दमला की न सांगता शिडी गाठतो. शाबास.'

आता बोला म्हणावं. त्या पानाची नक्कल काढली, खाली सही केली आणि समितीला पाठवून दिली. या तळ्यांसाठी आता सुरक्षेचे नियम करायला समिती नेमलीय. अध्यक्ष कोण, तर माझाच एक विद्यार्थी. त्याच रजिस्टरात त्यांचाही शेरा आहे: 'रडतो. शिडी सोडत नाही.' ती नक्कल नाही पाठवली. राखून ठेवलीय.

१३ सप्टेंबर

त्याच्या बायकोकडे गेले. घरात माणसं पुष्कळ होती, पण तिच्याजवळ कुणी बसलेलं नव्हतं. खिडकीखाली त्याची सायकल उभी होती. मला वाटलं होतं ती रडेल, मग मी तिला जवळ घेईन. ती रडली नाही. तिनं मला पाणी दिलं आणि विचारलं, "बाई, दमल्यावर काय करायचं असं तुम्ही त्यांना शिकवलं होतं?"

"शिडी गाठायची," मी म्हटलं. "दारातून आलं की समोरचा डावा कोपरा. तीस वर्षं प्रत्येक पोराकडून घोकून घेतलंय. डोळे मिटून सोडलं तरी तिथंच जातील."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "आम्ही कुठंही पाण्यावर गेलो ना, की हे आधी डावीकडं बघायचे. मी हसायची त्यांना."

मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनीही शिकवलेलं अंगात मुरलेलं होतं म्हणायचं. निघताना तिचा हात धरून सांगितलं की त्याला पोहता येत नव्हतं हे वाक्य मी त्या कागदावरून काढायला लावीन, नाहीतर शिट्टी गळ्यातून उतरवून ठेवीन. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. बहुतेक तिला काही ऐकूच गेलं नसावं.

१८ सप्टेंबर

समितीचा मसुदा आला. काय आहे त्यात? कुंपण एक फूट उंच करायचं आणि पाटी मोठी करायची. झालं. काखा वर.

अहो, कुंपण होतंच ना! त्याला आत जायला एक मिनिट लागलं. कुत्र्याचं भुंकणं ऐकून जी माणसं धावली, ती कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हे विचारत चाळीस मिनिटं फिरली. वर चढून जाण्याचं त्यांच्यापैकी कुणाचं वय नव्हतं. त्याचं होतं.

वन्सं म्हणाल्या, "मग हरकत घे. लेखी. मुदत तीन आठवड्यांची आहे. काय हवंय ते नेमकं सांग, मी टाइप करते. नुसता राग टाइप करता येत नाही."

मी सांगितलं: प्रत्येक तळ्याला शिडी हवी. लोखंडी, पक्की, दारातून समोरच्या डाव्या कोपऱ्यात.

२५ सप्टेंबर

आज समितीचे अभियंता तलावावर आले होते. खिशात कायम मोजपट्टी असते म्हणून सगळे त्यांना मोजपट्टीच म्हणतात. माणूस सरळ आहे. पाण्यापासून चार हात लांब उभा राहून बोलत होता.

"पोहायला येत नाही का तुम्हाला?" मी विचारलं.

"नाही हो बाई. भीती वाटते."

"आणि तळी तुम्हीच बांधता?"

"म्हणूनच," ते म्हणाले. "तुमची हरकत वाचली. बाकी ठीक आहे, पण डावाच कोपरा का?"

"तिथं शिडी असते म्हणून."

त्यांनी माझ्या तलावाच्या शिडीकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. हे अभियंते लोक साध्या गोष्टीत उगाच अडकतात.

२९ सप्टेंबर, रविवार

आज मी त्या तळ्यात उतरले.

परवानगी मागितली होती, उत्तर आलं नाही. उत्तर नाही म्हणजे नकारही नाही, असं मी धरलं. सकाळी आठला वन्संना घेऊन गेले. त्यांनी घडीची खुर्ची घेतली, घड्याळ घेतलं आणि माझी शिट्टी गळ्यात घातली. कुत्रं जिथून शिरलं तिथली तार अजून तशीच वर उचललेली आहे. एकोणसाठाव्या वर्षी मी त्या तारेखालून सरपटत गेले. अंगात सलवार-कमीज, पायात बूट. दोरीचं एक टोक माझ्या कमरेला, दुसरं कुंपणाच्या खांबाला तीन वेढे देऊन वन्संच्या हातात. त्यांना पाण्याची इतकी धास्ती की बादलीतही वाकून बघत नाहीत. पण हात सुटला नाही त्यांचा.

पाण्यात पोहणं काहीच नाही. लहान पोरही पोहेल. बाहेर येणं, ते होत नाही. प्लास्टिकवर शेवाळ्याचा थर आहे. हात ठेवला की सरकतो. गुडघा टेकला की सरकतो. काठ हाताच्या अंतरावर दिसतो आणि आपण साबण लावलेल्या घसरगुंडीवरून परत खाली. बूट भरले, कपडे जड झाले. मी दर वेळी थोडी विसावायची आणि परत जोर लावायची. सातव्या वेळी छाती भरून आली आणि मला पहिल्यांदा वाटलं की इथं माणूस मरू शकतो. मला, जिनं तीस वर्षं 'पाण्याला घाबरायचं नाही' एवढं एकच वाक्य म्हटलंय.

वन्संनी शिट्टी फुंकली ती थांबेचना. दोरी ओढत, धरत, एकदाची वर आले. अकरा मिनिटं.

घरी अंगाला तेल चोळून देताना त्या म्हणाल्या, "वहिनी, एक विचारू? तळं एवढं मोठं. तू सारखी त्याच एका कोपऱ्यात का जात होतीस?"

"कुठल्या?"

"समोरच्या. डावीकडच्या."

"सवय," मी म्हटलं. "दुसरं काय?"

खांदे ठणकताहेत. पण शिडीचा मुद्दा आता पक्का झाला.

४ ऑक्टोबर

मोजपट्टी घरी आले होते. तळ्याचा नकाशा टेबलावर पसरला आणि पेन्सिलीनं उजवीकडची एक जागा दाखवली. मोठ्या नळाचं पाणी जोरात पडतं तिथं प्लास्टिक फाटू नये म्हणून खरखरीत सिमेंटचा उतार केलाय. दारातून उजव्या हाताला. आठ फूट रुंद. पाण्याच्या खालून वरपर्यंत.

"इथून चालत वर येता येतं," ते म्हणाले. "मी येऊन दाखवू शकेन, इतकं सोपं आहे."

मग त्यांनी मी पाठवलेली रजिस्टरच्या पानाची नक्कल पिशवीतून काढली आणि नकाशाशेजारी ठेवली. 'दमला की न सांगता शिडी गाठतो.' शेजारी नकाशावर, तो सापडला तिथं फुलीची खूण, समोरचा डावा कोपरा. वन्सं उठून स्वयंपाकघरात गेल्या.

"बाई, हे पान परत घ्या," ते हळू म्हणाले. "सुनावणीच्या आधी कागद मागे घेता येतो. तिथं हे कुणी जोडून वाचलं, तर सगळं तुमच्यावर येईल. आणि नियम राहील बाजूला."

मी त्यांना चहाही विचारला नाही.

५ ऑक्टोबर

आज तलाव बंद असल्याचं कळवलं. तब्येतीचं कारण दिलं.

७ ऑक्टोबर

लिहायचं ठरवलंय तर लिहितेच.

तो तिथं होता कारण मी त्याला तिथं पाठवलं. उजवीकडे पंधरा हातांवर वर यायची वाट होती. त्यानं तिकडे पाहिलंसुद्धा नसेल. कुत्र्याला ढकलून वर काढलं, दमला आणि न सांगता डाव्या कोपऱ्यात गेला. शाबास.

त्याच्या बायकोला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. मी तिच्यासमोर बसून ऐटीत सांगत होते. आणि मी काय लिहिलं होतं इथं? तिला बहुतेक काही ऐकू गेलं नसावं. ते पान फाडावंसं वाटतंय. वन्संनी वही काढून घेतली आणि परत दिली तेव्हा म्हणाल्या, "जबानी फाडायची नसते. पुढं लिही."

मग मी त्यांना विचारलं, मीच मारलं ना त्याला? त्यांनी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. म्हणाल्या, "तुझा तलाव तसा होता, तू तसं शिकवलंस. ते तळं तसं का होतं ते ज्यांनी खणलं त्यांना विचार. एकाची चूक कबूल केली म्हणून दुसऱ्याची माफ होत नाही. एवढं तरी मी कोर्टात शिकले."

रात्रभर मी रडले, आणि सकाळी मला भूक लागली. ह्याचीही लाज वाटली.

८ ऑक्टोबर

पान परत घेणार नाही. शिडीची हरकत मागे घेतली आणि नवी दिली. दुपारभर दोघी भांडत भांडत एकच वाक्य करत होतो. मी चार पानं सांगितली, त्यांनी त्यातलं एवढं ठेवलं:

'तळ्यात पडलेल्या माणसाला, अंगावरच्या कपड्यांसह, कुणाच्याही मदतीविना, काठाच्या कोणत्याही ठिकाणाहून बाहेर येता आले पाहिजे.'

मोजपट्टींना वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाले, मंद उतार लागेल, आणि पाण्याच्या कडेनं गुडघाभर खोलीची दहा फुटांची पायरी, सगळीकडून. नळाच्या तोंडाला जाळी. "जागा जास्त जाईल. वसाहतवाले ओरडतील."

"ओरडू देत. ओरडणाऱ्याला श्वास घेता येतो."

१६ ऑक्टोबर

सुनावणी झाली.

खोली लहान, खुर्च्या कमी. पोस्टमनची बायको मागच्या भिंतीला टेकून उभी होती. मी तिला बोलावलं नव्हतं. अध्यक्षांनी चष्मा लावला आणि अगदी गोड आवाजात सुरुवात केली.

"बाई, या गृहस्थांना उत्तम पोहता येत होतं हे तुम्हीच पुराव्यानिशी दाखवलंत. आणि उजव्या बाजूला वर यायला चांगला उतार आहे. मग दोष तळ्याचा कसा? पोहता येणारा माणूस वाट शोधत नाही?"

मला तयारीचं भाषण आठवेना. मी म्हटलं, "नाही शोधत. मी त्याला शोधायला शिकवलंच नाही."

अध्यक्षांनी समोरचं पान उचललं.

"मी त्याला एकच वाट शिकवली. समोरचा डावा कोपरा. तो तिथंच गेला. तुमच्या हातात जे पान आहे त्यावर मीच शाबास लिहिलंय, वाचा मोठ्यानं. ती माझी चूक आहे, ती नोंदवून घ्या. तीस वर्षांची चूक आहे, आणि तुम्हालाही मी तेच शिकवलंय."

अध्यक्षांनी पान उलटं ठेवलं.

"आता तुमचं. बुडायला लागलेला माणूस विचार करत नाही. हात पोचेल त्या काठाशी जातो. कुणी डावीकडे, कुणी उजवीकडे, कुणी पडला तिथंच. तुमच्या तळ्याला चार बाजू आहेत आणि त्यातली आठ फूट जागा माणसाला जिवंत सोडते. मी तिथं उतरले होते. अकरा मिनिटं वर येता आलं नाही. तुम्ही उतरा, मी काठावर घड्याळ लावून उभी राहते. दोरीसुद्धा देते, त्याला तीही नव्हती."

कुणीतरी मागे हसलं. अध्यक्ष नाही हसले. ते म्हणाले, "तुम्ही विनापरवाना तळ्यात उतरलात हे नोंदवावं लागेल."

"नोंदवा. वेळही नोंदवा."

बाहेर आल्यावर ती जिन्यात थांबली होती. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. ती म्हणाली, "मला माहीत होतं, बाई. तुम्ही म्हणता का ते बघायचं होतं." आणि खाली उतरून गेली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही मागितलं नाही.

११ नोव्हेंबर

नियम झाला. आमचं वाक्य शब्दन् शब्द आहे त्यात. वन्संनी स्वल्पविरामसुद्धा मोजले. अहवालातलं 'पोहता येत नसावे' खोडलंय, शेजारी आद्याक्षरं आहेत.

पण हे नव्या तळ्यांसाठी. जुन्यांना 'सवडीनुसार, टप्प्याटप्प्याने'. म्हणजे ज्यानं माणूस घेतला ते तळं तसंच राहणार. चांगली पानं पुसली तोंडाला.

१७ नोव्हेंबर, रविवार

पोस्टातले सहा जण, मोजपट्टी आणि मी. मालाच्या गाडीवर टाकतात तशा जाड दोरीच्या जाळ्या, शिवून शिवून लांब केलेल्या. चारी काठांना खुंट्या ठोकून पाण्यात सोडल्या. मोजपट्टी आज नोकरीवर नव्हते, असं त्यांनी स्वतःच तीनदा सांगितलं. जाळी बसल्यावर मी बुटांसकट उतरले आणि चारी बाजूंनी वर आले. डाव्या कोपऱ्यातून शेवटी.

२१ नोव्हेंबर

नोटीस आली: शासकीय मालमत्तेस अनधिकृत जाळ्या लावल्याबद्दल खुलासा करावा, जाळ्या सात दिवसांत काढाव्यात. वन्संनी उत्तर टाइप केलं: 'नियमानुसार काठ होताच जाळ्या काढण्यात येतील.' मी सही केली. निवृत्तीआधी फार तर काय करतील?

१२ जानेवारी

व्यवस्थापकांचा मेमो, यंदाचा तिसरा. 'शिडी पूर्ववत जागी बसवावी.' तलावाची शिडी मी बोल्ट काढून सुटी केलीय. म्हातारी माणसं येतात त्या वेळात अडकवते. मुलांच्या वेळात रोज जागा बदलते, कधी काढूनच ठेवते. उतरायच्या आधी प्रत्येकानं तलावाला एक फेरी मारायची आणि मला सांगायचं की बाहेर कुठून येणार. मुलं कुरकुरतात. अध्यक्षांचा मुलगा काल म्हणाला, "बाबा म्हणतात तुम्ही पूर्वी बऱ्या होतात."

जाळ्या तिथंच आहेत. काढायला कुणी आलं नाही.

२२ मार्च

शेवटचा आठवडा. आज दुपारी पोरं गेल्यावर पोस्टमनची बायको आली, अंगावर साधे कपडे, पायात बूट. "मला शिकायचंय," म्हणाली. मी म्हटलं एका आठवड्यात कसं शिकवणार? ती म्हणाली, येईल तेवढं शिकवा.

उथळ भागात छातीइतक्या पाण्यात उभी राहिली. ओठ निळे पडले. थोड्या वेळानं इकडेतिकडे बघून म्हणाली, "बाई, बाहेर कुठून यायचं?"

"हे उतरायच्या आधी विचारायचं होतंस," मी म्हटलं. आवाज नीट ठेवला. "आता सगळीकडून येऊन बघ."

कठडा धरून ती सरकत राहिली. मी शेजारून, एक हात तिच्या पाठीमागे. उजवीकडून वर आली, परत उतरली. दारासमोरून आली. मागच्या भिंतीकडून दोनदा घसरली, तिसऱ्यांदा आली. मग समोरच्या डाव्या कोपऱ्याशी पोचली. तिथं शिडीचे चार बोल्ट होते ती भोकं फरशीत अजून आहेत. तिनं त्यांवर हात ठेवला आणि चारही भोकं बोटानं एकेक करून चाचपली. मी शिट्टी ओठांत धरली होती, फुंकली नाही.

मग तिनं दोन्ही तळवे फरशीवर टेकले, एक पाय भिंतीला लावला आणि कुणी हात न देता वर आली. काठावर बसून बुटातलं पाणी ओतलं.

रजिस्टरात तिचं नाव लिहिलं. पुढे शेरा: 'कुठूनही वर येते.'